पार्तागास सेरिए डी नंबर ४ : एकाच बॉक्सातल्या सिगारची दोन वेगळी चव

दाजी दुबईला असतात, मे महिन्यात आले तेव्हा येताना दहाचा बॉक्स घेऊन आले, त्यातल्या पाच मला दिल्या. (कस्टमला माणशी २५ सिगार चालतात, त्यामुळे काही कटकट नाही.) पहिली मी दुसऱ्याच दिवशी एकट्याने गच्चीवर ओढली, वीस-पंचवीस मिनिटांत बरीचशी संपवली, आणि तोंड कडू जहर झालं, जीभ भाजली, वर मळमळायला लागलं ते वेगळंच. मला वाटलं उगाच एवढं नाव आहे हिचं. मग रविवारी जेवणानंतर दुसरी दाजींसोबत बसून ओढली, पूर्ण पाऊण तास, आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून हा रिव्ह्यू सिगारचा आहे तेवढाच ती कशी ओढायची याचा पण आहे, कारण पद्धत चुकली तर हिच्याबद्दल काहीच कळत नाही.

आधी माहिती. क्युबाची सिगार, ब्रँड हवानामधला, १८४५ सालचा. साइझ रोबुस्तो, लांबी १२४ मिलिमीटर आणि रिंग ५०. रिंग म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, साधारण २० मिलिमीटर जाडी, आपल्या अंगठ्याएवढी धरा. अंगाला लाल बॅन्ड, म्हणजे कागदाची पट्टी असते. रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरून गुंडाळलेलं पान, तपकिरी, किंचित तेलकट, हातात फिरवली तर शिरा फार लागत नाहीत.

कापताना दाजींनी थांबवलं. मी पहिल्या वेळी कटरने चांगला जाड तुकडा उडवला होता आणि मग रॅपर सुटत गेलं, ओठाला तंबाखूचे तुकडे लागत होते. बंद टोकाला वरून एक टोपी चिकटवलेली असते, तिची कडा नीट बघितली तर बारीक रेषेसारखी दिसते, त्या रेषेच्या वरच कापायचं, दोनएक मिलिमीटर, बस. कापल्यावर न पेटवता नुसती ओढून बघायची. मला तिथेच गवताचा वास आणि नव्या कोल्हापुरी चपलेचा येतो तसा चामड्याचा वास आला, पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं.

पेटवायला गॅसचा लायटर घ्या, पेट्रोलचा नको, त्याचा वास पहिल्या चार झुरक्यांत बसतो. ज्योत टेकवायची नाही, थोडी लांब धरून सिगार गोल फिरवत राहायची, पापड भाजतो तशी, कडा सगळीकडून काळी झाली की मग तोंडात धरून हळू ओढायची. निखाऱ्यावर एकदा फुंकर मारून बघा, सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे, एखादी बाजू काळी राहिली तर तेवढीच परत शेकवायची.

आणि आता मुख्य गोष्ट. दाजी म्हणाले, "अरे ही सिगरेट नाहीये, मिनिटाला एक झुरका घे आणि खाली ठेव." मी म्हणलं विझेल की. "विझू दे, परत पेटवता येते, पण तापली की कडू होते ती परत गोड होत नाही." याचं कारण सिगारच्या आतच आहे. आत तीन प्रकारची पानं असतात, वोलादो जळण्यासाठी, सेको वासासाठी आणि लिहेरो कडकपणासाठी. लिहेरो झाडाच्या वरच्या भागातलं, ऊन खाऊन जाड झालेलं पान, ते हळू जळतं म्हणून मधोमध ठेवतात, आणि आपण भराभर ओढलं की सगळंच जास्त तापतं आणि नुसता जळका कडवटपणा येतो. पहिल्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं.

धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच अंगात जातं, म्हणून उपाशीपोटी तर अजिबात नको. चव मात्र खरी नाकात आहे. सर्दी झाली की आमटीचं तिखट-मीठ कळतं पण आमटी लागत नाही ना, तसंच. बहुतेक धूर तोंडाने सोडून द्यायचा आणि शेवटचा थोडासाच, अगदी चिमूटभर, नाकातून सोडायचा. पहिल्यांदा मिरपूड गेल्यासारखं झणझणतं, डोळ्यात पाणी येतं, पण तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला मला एकदम भाजलेल्या कॉफीचा वास लागला आणि मागे लाकडाचा, नव्या कपाटात डोकं घातल्यावर येतो तो. हे तोंडाने कधीच कळलं नसतं.

पहिला भाग काळ्या मिरीचा आणि मातीचा, मधला भाग सगळ्यात सुंदर, कॉफी, कडू चॉकलेट, थोडा गोडसरपणा. शेवटचा भाग मला जड जातो, मी दोन बोटं उरली की ठेवून देतो, चुरगाळत नाही, आपोआप विझते आणि घाण वास मारत नाही. सोबत साधं पाणी किंवा बिनदुधाची कॉफी. गोड मसाला चहा घेऊन बघितला, सगळी चव झाकून टाकतो.

ठेवण्याबद्दल सांगतो कारण आपल्याकडे ठाण्या-मुंबईत हाच मोठा प्रश्न आहे. तिसरी सिगार मी नुसत्या झिपच्या पिशवीत ठेवली होती, जुलैमध्ये काढली तर फुगून मऊ झालेली, ओढून ओढून गाल दुखले पण धूर येईना. चौथी हवाबंद डब्यात ६५ टक्केवालं ह्युमिडिटीचं पाकीट टाकून तीन आठवडे ठेवली, ती छान ओढली गेली. ते पाकीट ओलावा देतं पण आणि शोषून पण घेतं. डबा गरम जागी नको, तंबाखूत किडा होतो आणि तो रॅपरला सुईएवढी भोकं पाडतो. इथल्या एका दुकानात सुटी सिगार घेतली होती ती उलट एसीत वाळून कडकडीत झाली होती, दाबली तर चर्र वाजली. त्यामुळे दुकानात घेताना हलकं दाबून बघा, किंचित दबून परत वर आली पाहिजे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, धूर आत घेत नाही म्हणजे धोका नाही असं नाही, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारने पण होतो. मी वर्षाला चार-पाचच्या वर जात नाही, आणि ज्याला तंबाखूची सवय नाही त्याने माझं वाचून सुरू करू नये.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा शेवटच्या भागाच्या कडकपणासाठी कापला. पाचवी डब्यात आहे, दिवाळीत ताई आणि दाजी येतील तेव्हा काढू. ह्युमिडिटीचं पाकीट हाताला कडक लागतंय, म्हणजे त्यातला ओलावा संपलाय, ते आधी बदलायला पाहिजे.