लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट आणि स्कार्फ बिब: एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा अनुभव

परवा लेकीच्या गळ्यात लाळ टिपायला बांधतो त्या आणखी एका बिबचं मागचं वॉटरप्रूफ अस्तर मशीनमध्ये सुटून आलं आणि ऑनलाइन विक्रेत्याचं उत्तर काय, तर धुतलेला माल परत घेत नाही. अहो, लाळेची वस्तू न धुता कोण वापरणार? डोकंच फिरलं. म्हणून आता सगळं लिहितेय, ग्लायकोपायरोलेट या लाळ कमी करणाऱ्या गोळीचं आणि बिबचं दोन्हीचं, कारण आमच्याकडे दोन्ही सोबतच चालतं.

लेक नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही, आणि लाळ सतत गळते. हनुवटी कायम लाल, वह्या ओल्या, ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बहुतेक अशा मुलांना लाळ जास्त सुटत नाही, ती वेळेवर गिळली जात नाही आणि ओठ नीट मिटत नाहीत म्हणून बाहेर येते, त्यामुळे "अगं तोंड मिट की" म्हणून तिच्यावर डाफरणाऱ्या नातेवाइकांचा मला भयंकर राग येतो.

आमच्या डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी तिची फिटची औषधं पाहिली. क्लोबाझाम, क्लोनाझेपामसारख्या औषधांनी लाळ वाढू शकते, हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा, पण फिटचं औषध स्वतःहून बंद करू नका. मग ग्लायकोपायरोलेट सुरू झालं, अगदी कमी डोसपासून. अमेरिकेत याचं लिक्विड 2010 पासून 3 ते 16 वयाच्या मुलांसाठी मंजूर आहे, आमच्या मेडिकलवाल्याकडे मात्र गोळीच, ती कटरने तोडायची, पूड करून पाण्यातून द्यायची. त्यात जेवणाआधी एक तास नाहीतर नंतर दोन तासांनी. सातला शाळेची बस, म्हणजे अंधारात उठवून गोळी द्यायची आणि मग नाश्त्यासाठी घड्याळाकडे बघत बसायचं.

फरक पडला का? पडला, आणि लवकर पडला. बाईंनी शाळेतून वहीचा फोटो पाठवला, पान कोरडं, पेन्सिल कुठे फिसकटलेली नाही. मी रडलेच. तेव्हा मी भेटेल त्या आईला सांगत होते की हे घ्याच.

मग डोस वाढला आणि प्रकरण बदललं. लाळ घट्ट झाली, रात्री घशात खरखर, संडासचे हाल, पोर कुंथून कुंथून रडायची. मे महिन्यात तर घाबरलोच. या औषधाने घाम कमी येतो, आणि आपल्या मुंबईचा मे, दुपारी बसमधून उतरली ती चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, कपाळावर घामाचा थेंब नाही. ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली बसवलं आणि लगेच डॉक्टरांना फोन. डोस खाली आणला. आता लाळ येते, पण पूर्वीच्या मानाने बरीच कमी, आणि माझं मत आता असं आहे की एवढंच पुरे. दात सांभाळायला, घास गिळायला लाळ लागतेच, पूर्ण कोरडं करायचा हट्ट नको.

आणि लाळ थोडी येणारच म्हटलं की बिब आलंच, आणि बिब म्हटलं की वेल्क्रो. हे बनवणाऱ्यांनी कधी मोठ्या मुलाच्या गळ्यात बांधून बघितलंय का? मानेवरचे केस त्यात अडकतात, कडा टोचून पुरळ येतं, मशीनमध्ये शाळेच्या गणवेशाला चिकटून धागे ओढतं, दोन महिन्यांत त्यात दोरे भरले की धरतच नाही, आणि धरत असेल तेव्हा लेक एका हाताने खस्सकन काढून टाकते. एवढे पैसे घेता, दोन प्रेस बटणं लावायला काय जातं? शेवटी हिंदमाताहून होजियरीचं कापड आणलं, आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशींनी आत टर्किशचा थर घालून तिकोनी स्कार्फ शिवले, मागे प्रेस बटणं, दोन मापांत. ऑनलाइनच्या एका बिबच्या पैशांत तीन झाले, दिसतातही मोठ्या मुलीचे. प्लॅस्टिकचं अस्तर नाही त्यामुळे फ्रॉक ओला होण्याआधी बदलावे लागतात, पण पावसाळ्यात पंख्याखाली रात्रीत वाळतात, कुबट वास मारत नाहीत. हनुवटी घासू नका, टिपा, आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात.

ओठ मिटायची, गिळायची थेरपी चालूच आहे, त्याची बिलं निरामय कार्डावर (दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) लावतो. डॉक्टरांनी बोटॉक्सचंही सुचवलंय, सोनोग्राफीत बघून लाळग्रंथींमध्ये इंजेक्शन देतात, असर साधारण 3 ते 6 महिने, मग पुन्हा द्यायचं. लहान मुलांना बऱ्याचदा भूल द्यावी लागते आणि आमचा जीव तिथेच अडलाय, शिवाय खर्च. तूर्तास गोळीवरच आहोत. घेणाऱ्यांनी स्ट्रिपवर एमजी वाचूनच पैसे द्या, आम्हाला एकदा मेडिकलवाल्याने 1 च्या जागी 2 ची दिली होती आणि वर "अर्धी करून द्या ना ताई" म्हणाला.