दोन टर्मची मर्यादा, रिकॉल की अधिवेशनाचे जास्त दिवस: निवेदनात एकच मागणी टाकायची तर कोणती?

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपूरच्या सीताबर्डीतल्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात निवेदनवाल्यांची रांग लागते. यावेळी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेतले पोट्टे-पोट्टी आले, सात मागण्यांचा कागद घेऊन, सगळ्या आमदार-खासदारांवरच्या. तेच तेच चेहरे, बाप झाला की पोरगा, पक्ष बदलला तरी माणूस तोच. राग खरा आहे, मलाही येतो. पण सात मागण्यांचं निवेदन कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे इतकी वर्षं टाइप करून मला माहीत आहे, म्हणून म्हटलं एकच टाका. आता ती कोणती यावर दोन दिवस वाद सुरू आहे, तर मला जे वाटते ते इथं नीट लिहून देतो, बाकी ठरवा तुम्ही.

पोरांची सगळ्यात आवडती मागणी म्हणजे दोन टर्म झाल्या की घरी. ऐकायला एकदम भारी वाटते आणि समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला 1951 पासून दोनदाच निवडून येता येते, आणि कॅलिफोर्नियात तर 1990 मध्ये लोकांनीच मतदान करून राज्याच्या आमदारांवरही मर्यादा घातली. पुढं काय झालं ते पण बघा ना. आमदार नवे नवे येत राहिले, त्यांना बजेट समजेपर्यंत जायची वेळ, आणि खरं काम कोणाला माहीत तर जुन्या अधिकाऱ्यांना न् कंपन्यांच्या लॉबीवाल्यांना, म्हणजे ज्यांना आपण कधी मतच दिलं नाही त्यांच्या हातात जोर गेला अशी तक्रार सुरू झाली. 2012 मध्ये तिथं नियम बदलून दोन्ही सभागृहं मिळून एकूण 12 वर्षं अशी मुभा दिली, मिशिगननं 2022 मध्ये तसंच केलं. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट बोर्डात मुदतीची मर्यादा आलीच होती, आणि काही राज्य संघटनांत जुने पदाधिकारी गेले तर त्यांच्याच घरातले पुढं आले. घराणेशाहीला टर्मची मर्यादा चालत नाही भाऊ, उलट पोराचा नंबर लवकर लागते.

आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. 11 वेळा आमदार, एसटीनं फिरणारा माणूस. दोन टर्मचा नियम असता तर ते 1970 च्या दशकातच घरी बसले असते. त्यांना 1972 मध्ये आणि 1995 मध्ये लोकांनी पाडलंही होतं, म्हणजे मतदार पाडू शकतेच.

रिकॉलचं थोडं वेगळं आहे. निवडून दिला, काम करत नाही, तर मधातच परत बोलवा. ही मागणी जुनी आहे, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातही होती. छत्तीसगडमध्ये 2008 मध्ये नगर पंचायतींचे अध्यक्ष लोकांनी मतदान करून खरंच काढले होते. आपल्या राज्यातही थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आला तर तो ग्रामसभेपुढं जाते, गाव ठरवते. गावात हे जमते कारण सरपंच कोणाच्या घरी जेवला हे पण गावाला माहीत असते. पण विधानसभेच्या मतदारसंघात तीन लाखांच्या वर मतदार, ब्रिटनसारखं 10 टक्के सह्यांवर गेलं तरी तीस हजार सह्या, त्या गोळा करायला गाड्या पाहिजेत, पोट्टे पाहिजेत, त्यांचा चहा-नाश्ता पाहिजे, मग सांगा हे तुम्हाला जमेल की पडलेल्या उमेदवाराला? तो दुसऱ्याच दिवशी सुरू करेल. ब्रिटननं 2015 मध्ये कायदा केला तेव्हा ठरावीक कारणांनाच मुभा ठेवली, जेल झाली, सभागृहानं निलंबित केलं, खर्चाचा खोटा हिशोब दिला, असं. नुसतं आवडत नाही म्हणून काढता येत नाही. नगरसेवकांसाठी रिकॉल मागायचं असेल तर मी सोबत आहे, तो कायदा राज्याच्या हातात आहे.

खरं सांगू का, पोरांना रिकॉल काऊन पाहिजे ते मला समजलं. मी एका चिन्हावर बटण दाबलं न् माणूस दुसरीकडंच जाऊन बसला, हा तो राग आहे. त्याच्यावरचा पक्षांतरबंदीचा कायदा 1985 पासून आहेच. पण शिवसेनेच्या 2022 च्या फुटीतल्या अपात्रतेच्या अर्जांवर निकाल आला जानेवारी 2024 मध्ये, तोपर्यंत अर्ध्याच्या वर टर्म निघून गेली. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्येच म्हटलं होतं की सभागृहाच्या अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा. ही मागणी चांगली आहे, पण बदल दिल्लीत करावा लागेल. दोन टर्मचं पण तसंच, आमदार कोण होऊ शकते हे संविधानात आणि संसदेच्या कायद्यात आहे, विधान भवनावर निवेदन देऊन ते होणार नाही.

आता तिसरं, जे पोरांना एकदम फिकं वाटलं: अधिवेशन किमान इतके दिवस चाललंच पाहिजे.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये भंडाऱ्याकडच्या एका काकांची फाइल आहे. पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत येत नाही, इतकाच विषय. नऊ वर्षं झाली, ते येतात, मी जुनी फाइल उघडतो, तारीख बदलतो, मंत्र्याचं नाव बदलतो, आमदाराचं नाव बदलतो, प्रिंट काढतो. आमदार तीन झाले त्या काळात. पाणी तिथंच. म्हणजे माणूस बदलून त्या निवेदनाचं काही झालं नाही, ते कधी सभागृहात प्रश्न म्हणून आलंच नाही, कारण यायला दिवसच नाहीत.

2024 चं हिवाळी अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवस. मंत्र्यांची शपथ 15 ला इथंच राजभवनात झाली आणि खातेवाटप 21 तारखेला रात्री. त्या आठवड्यात काकांनी विचारलं, जलसंपदाचं नाव कोणाचं टाकतो, आणि मी ती जागा रिकामी सोडून प्रिंट दिली. विदर्भाला महाराष्ट्रात घ्यायच्या नागपूर करारात 1953 मध्ये लिहिलं होतं की सरकार ठरावीक काळासाठी नागपूरला येईल आणि वर्षात निदान एक अधिवेशन इथं होईल, राजधानी सोडायच्या बदल्यात मिळालेला शब्द आहे तो. यशवंत स्टेडियमवरून लोक निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवले जातात, चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाते. 1994 मध्ये अशाच मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी बांधव गेले, आपण रोज ज्या उड्डाणपुलावरून जातो त्याला त्यांचंच नाव आहे. ते पण ऐकून घ्या म्हणूनच आले होते.

संविधानात फक्त इतकंच आहे की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांच्या वर अंतर नको. संविधान आढावा आयोगानं 2002 मध्ये मोठ्या राज्यांच्या विधानसभांसाठी वर्षाला निदान 90 दिवस सुचवले. कर्नाटकानं 2005 मध्ये स्वतःचा कायदा करून 60 दिवस ठरवले. तिथंही तो आकडा बहुतेक वर्षी गाठला जात नाही, ही कमजोरी आहेच, न पाळल्यास काय याचं उत्तर कायद्यात पाहिजे. पण कायदा असला की विचारता तरी येते. आणि राज्य हे स्वतः करू शकते, दिल्लीकडं बोट दाखवायला जागा नाही. जास्त दिवस बसले की कोण बोलते, कोण गैरहजर, कोणाला विषय समजते हे पण दिसते, मग पाच वर्षांनी कोणाला पाडायचं ते तुमचं तुम्हाला समजेल.

म्हणून माझं मत तिसऱ्याला. असं लिहा: वर्षाला किमान 90 दिवस, त्यातले निदान 30 नागपुरात, आणि अधिवेशनाआधी खातेवाटप झालेलंच असावं. एक पान, खाली सगळ्यांच्या सह्या, तीन प्रती, अध्यक्ष, मुख्यमंत्री आणि आपले आमदार. टायपिंगचे पैसे मी घेणार नाही. पण तिन्ही प्रतींवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका, काकांकडं पहिल्या दोन वर्षांची पोचच नाही.