बालसंगोपन योजना: आई-वडिलांपैकी एकच गेलं असेल तरी मिळते, आम्हाला कुणी सांगितलंच नाही

मूल घरातच वाढावं म्हणून सरकार दर महिन्याचे पैसे देतं, त्या या योजनेला ५ पैकी ५ स्टार, जिथे अर्ज द्यायचा त्या आमच्या इथल्या ऑफिसला १. दोन्ही वेगळं लिहितोय कारण लोक ऑफिसात वैतागतात आणि योजनाच सोडून देतात.

माझा चुलत भाऊ एप्रिल २०२१ मधे गेला, दुसऱ्या लाटेत. टमटम चालवायचा. बेड शोधण्यातच दोन दिवस गेले, टेस्ट झालीच नाही म्हणून कोविडचा रिपोर्ट पण नाही. मागे वहिनी, पोरगी नुकतीच सातवी पास झालेली आणि पोरगा दुसरीत. हप्ते थकले तसे फायनान्सवाले गाडी घेऊन गेले. घरात फोन एकच, तोही बटणाचा, मग ऑनलाइन शाळा कसली आणि काय. शाळेतली खिचडी बंद झाली, त्याऐवजी कोरडा तांदूळ-डाळ मिळायची, ती पोरांच्या वाट्याची डाळ सगळं घर खायचं.

आणि मे महिन्यात पोरीला स्थळं यायला लागली. तेव्हा लग्नाला २५ माणसांचीच परवानगी होती ना, तर आमचेच नातेवाईक वहिनीला म्हणायचे, २५ माणसांत उरकून टाक, खर्च नाही, खाणारं एक तोंड कमी. तेरा वर्षांची पोर हो ती! माझी आई मधे पडली, म्हणाली परत हा विषय काढलात तर मी स्वतः १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावीन. तेव्हा कुठे गप्प बसले. पण ४ ऑक्टोबरला शाळा उघडली त्या दिवशी पोरगी वहिनीसोबत कापूस वेचायला गेलेली.

त्या काळात बातम्या यायच्या त्या दोन्ही आई-वडील गेलेल्या मुलांच्या, राज्य सरकारची ५ लाखांची ठेव, केंद्राचे १० लाख. त्या मुलांना मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्या भागात बघितलं तर बहुतेक घरांत एकच जण गेलेला, आणि तो कमावता बाप. वहिनीने ते ऐकून ऐकून धरूनच चाललं होतं की आपल्याला काही नाही. गावातल्या अंगणवाडी ताईंनी सांगितलं की बालसंगोपन ही जुनी योजना आहे, कोविडच्या आधीपासूनची, मूल संस्थेत न टाकता घरातच वाढावं म्हणून पैसे देतात, आणि आई-वडिलांपैकी एक नसेल तरी चालतं. आजार कुठला होता याची अट नाही, मृत्यूचा दाखला पाहिजे. आमच्याकडे रिपोर्ट नव्हता म्हणून कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या मदतीत आम्ही अडकलो होतो, इथे तो प्रश्नच आला नाही.

कागदपत्रं म्हणजे आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुक आणि मुलांचा आईसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. तो फोटो मीच काढला मोबाईलवर. पोरीने शाळेचा ड्रेस घातला, दीड वर्षात बाह्या पार कोपराच्या वर गेलेल्या, ती सारखी खाली ओढत होती. पोरगा आतून वडिलांचा हार घातलेला फोटो घेऊन आला आणि छातीशी धरून उभा राहिला. वहिनी म्हणाली ठेव बाळा, तो नको. ठेवेना. शेवटी मी दोन फोटो काढले, एक त्याच्यासाठी आणि एक अर्जासाठी.

आता ऑफिसचं. पहिल्या फेरीला टेबलावरच्या माणसाने अर्ज न बघताच सांगितलं, "दोघं गेले असतील तरच." वहिनी एकटी गेली असती तर परतच आली असती. मी अडून बसलो म्हणून घेतला. नंतर उत्पन्नाचा दाखला जुना झाला म्हणून परत काढा, पासबुकावर नाव नीट नाही म्हणून परत या, प्रत्येक फेरीला वहिनीची एका दिवसाची मजुरी बुडायची. घरी चौकशीला आलेल्या मॅडम मात्र फार चांगल्या, पोरीशी अर्धा तास बोलल्या, शाळेत परत जा म्हणून मागे लागल्या, अर्ज मंजूर करणाऱ्या बालकल्याण समितीपुढे काय बोलायचं तेही समजावून सांगितलं.

रक्कम आधी महिन्याला ४२५ होती, २०२१ मधे १,१०० केली आणि २०२३ मधे २,२५०, एका मुलामागे. आमच्याकडे दर महिन्याला येत नाहीत, चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, मधे उधारी करावी लागते. तरी पहिला हप्ता आला त्या दिवशी वहिनीने दोघांचे ड्रेस आणि पोरीला सायकल घेतली, सेकंडहॅन्ड. शाळा पाच किलोमीटरवर आहे, सायकल नसती तर ती गेलीच नसती.

पोरगी आता बारावीला आहे. १८ पूर्ण झाले की तिचे पैसे बंद होतील, धाकट्याचे चालू राहतील.

अर्ज फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नका. आणि एकट्या बाईला ऑफिसात एकटीला पाठवू नका, कुणीतरी सोबत जा.