फतेगंजातली शनिवारची संगती: चार तारे, एक कापला

मी नगरची. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी.ला आले तेव्हा आईने बॅगेत मराठी बायबल आणि शेंगदाण्याची चटणी घातली. चटणी पंधरा दिवसांत संपली. संगती, म्हणजे गाणी-शास्त्रपाठाची ख्रिस्ती बैठक, सापडायला तीन महिने लागले.

चर्चच्या आवारातली ही विद्यार्थी संगती हॉस्टेलपासून चालत जाण्यासारखी. वेळ सहाची, सुरू होते पावणेसातला. (तारा इथेच कापला.) गाणी गुजराती-हिंदी, गिटार कायम किंचित बेसूर. शास्त्रपाठ वाचताना माझी तारांबळ उडायची. गुजराती अक्षरं अर्धी ओळखीची, पण डोक्यावर रेघ नाही, शब्द बोडकेच वाटतात. शेजारची मुलगी न बोलता ओळीखाली बोट धरायची.

तिसऱ्या शनिवारी कुणीतरी मराठी गीत म्हणायला सांगितलं. मी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं म्हटलं, आणि टिळक आमच्या नगरलाच राहायचे म्हणून उगाच भावही खाल्ला. एका गुजराती मुलाने बाकावर ताल धरला. अर्थ त्याला किती कळला देव जाणे.

तापाने पडले होते तेव्हा दोघी खिचडी-कढीचा डबा घेऊन हॉस्टेलच्या गेटवर आल्या. प्रवचन शून्य. परीक्षेच्या दिवसांत मात्र अख्खी संगती गायब होते, आणि व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्याच दिवशी म्यूट करावा.

नंतर सगळे सेव-उसळ खायला जातात. वाटाण्याचा रस्सा, वर शेव, तरी वेगळी. नाव आपलं, चव बडोद्याची. सुट्टे पैसे न्या.