गल्ल्यावरचा नोट तपासायचा यूव्ही दिवा: कामाचा, पण एकट्यावर भिस्त नको

पेटीत एक यूव्ही (अतिनील किरणांची) नळी, खाली पांढरा दिवा, कधी एखादं भिंग. यापलीकडे यात काही नसतं. घेताना तरंगलांबी तेवढी बघा, ३६५ नॅनोमीटर हवी. ३९५ च्या स्वस्त बॅटऱ्या इतका जांभळा उजेड पाडतात की खरी-खोटी नोट सारखीच दिसते.

५०० ची खरी नोट दिव्याखाली मंद, काळसर राहते. क्रमांक चमकतात आणि कागदातले बारीक तंतू उजळतात. साध्या झेरॉक्सच्या कागदावरची नोट निळसर-पांढरी पेटते, कारण त्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं. गोची इथेच आहे. कपडे धुण्याच्या पावडरमध्येही त्याच जातीचं रसायन असतं, त्यामुळे खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही उजळते. उलट, चकाकी नसलेला कागद वापरणारा या दिव्याला सहज चकवतो.

म्हणून संशय आला की नोट उजेडासमोर धरा. गांधीजींचं आणि ५०० चं जलचिन्ह दिसलं पाहिजे, तिरकी केल्यावर धागा हिरव्याचा निळा झाला पाहिजे. कडेच्या पाच उठावदार तिरप्या रेघा मऊ पडलेल्या नोटेत झिजतात. त्यांच्यावर फार विसंबू नका.

दिवा ट्यूबलाइटखाली ठेवलात तर पैसे वाया. गल्ल्याखालच्या सावलीत ठेवा.

खोटी नोट सापडली तर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका, जाणूनबुजून चालवणं गुन्हा आहे. बँक ती शिक्का मारून जप्त करते आणि पोचपावती देते. बदल्यात पैसे मिळत नाहीत.