प्रवाळ लावायला कुठलं लाल शैवाल भरवशाचं?

समुद्रात प्रवाळ पुन्हा वाढावं म्हणून त्याचे तुकडे लावायला किंवा त्याच्या तरंगत्या अळ्या बसाव्यात म्हणून फरश्या ठेवायला जागा शोधताना पाण्याखाली आधी रंग नजरेत भरतो. खडकावर गुलाबी, तांबडं, मरून असं काहीतरी पसरलेलं असतं आणि वहीत 'लाल शैवाल' एवढंच लिहिलं जातं. ही नोंद मला फार खटकते, कारण या एका नावाखाली प्रवाळाला आधार देणारेही येतात आणि त्याला झाकून मारणारेही.

भरवशाची म्हणावी ती गुलाबी, कडक खपली, म्हणजे क्रस्टोज कोरलाइन शैवाल. दगडावर रंग सांडून वाळल्यासारखी दिसते. भिंगातून पाहिलं तर तिच्यावर बारीक फुगवटे असतात, त्यांत बीजाणू तयार होतात. ओरखडा गेला की खाली पांढरा चुना दिसतो. लाटा आपटतात त्या काठावर पोरोलिथॉनसारख्या जाती सुटे तुकडे सांधून कठडाच उभा करतात. ब्राझीलजवळचं रोकास हे कंकणद्वीप तर मुख्यतः अशाच शैवालांनी बांधलेलं आहे.

पण आपल्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. तरंगत आलेली प्रवाळाची अळी बसण्याआधी जागा चाचपून पाहते. या खपलीतली रसायनं आणि तिच्यावरचे जिवाणू तिला बसण्याचा इशारा देतात. तरीही सगळ्या गुलाबी खपल्या एकाच माळेचे मणी नाहीत. ग्रेट बॅरियर रीफवरच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांवर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अळ्यांनी टायटॅनोडर्मा प्रोटोटायपम ही पातळ खपली पसंत केली आणि तिथे त्या जगल्याही जास्त. इतर काही जाती वरचा पेशींचा थर टाकून देतात किंवा शेजाऱ्यावर चढतात, आणि त्यात नुकतं बसलेलं इवलं प्रवाळही जातं.

सर्वात जास्त फसगत होते ती पेसोनेलिया कुळातल्या खपल्यांमुळे. याही लाल, याही खडकाला चिकटलेल्या. रंग बहुधा गडद, सुकलेल्या रक्तासारखा. याच कुळातल्या, जमैकातल्या रॅमिक्रस्टा टेक्सटिलिस या जातीचं वर्णन 2009 साली प्रसिद्ध झालं, त्यातच ती जिवंत प्रवाळावर चढते असं नमूद होतं. नुसत्या रंगावरून ओळख पटवू नका, खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. बुडी मारलेली असताना शेजारचं जिवंत प्रवाळ बघा. खपलीची कड त्याच्या पॉलिपांवर, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या जिवांवर, सरकलेली दिसली, तर ती जागा सोडून द्या.

केसाळ टर्फ, म्हणजे खडकावरची गवतासारखी आखूड शैवालांची गादी, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात पॉलिसायफोनियासारखी लाल शैवालं इतरांबरोबर मिसळलेली असतात. मासे चरून ते आखूड ठेवत असतील तर चालून जातं, पण लांब वाढून त्यात गाळ अडकला की अळीला बसायला जागाच उरत नाही. स्टेगॅस्टिस निग्रिकन्स हा छोटा मासा तर पॉलिसायफोनियाची चक्क शेती करतो, नको ती शैवालं उपटून बाहेर टाकतो. त्याच्या वाफ्यात तुकडे लावू नयेत.

मांसल, फांद्यांच्या लाल शैवालांत कापाफायकसचं नाव आधी घ्यावं लागेल. लागवडीसाठी आणलेलं हे शैवाल मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळावर पसरल्याचं 2008 साली नोंदलं गेलं. हवाईच्या कानेओहे खाडीत ते पंपाने ओढून काढावं लागलं आणि उरलेलं खायला वाढवलेले समुद्री साळू (सी अर्चिन) सोडावे लागले. एवढी यंत्रणा हाताशी नसेल तर अशा जागेच्या वाटेला न जाणंच बरं.

कोरलाइन खपलीचीही एक दुखरी बाजू आहे. तिच्या चुन्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा हा प्रकार आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात लवकर विरघळतो. हवाईतल्या टाक्यांमध्ये आम्लता वाढवली तेव्हा तिचं आच्छादन 92 टक्क्यांनी आणि नव्याने रुजणं 78 टक्क्यांनी घटलं, असं 2008 साली प्रसिद्ध झालं. हे वाचून मी खूप अस्वस्थ झालो होतो.

तरी दोन जागांत निवडायचं झालं तर पातळ गुलाबी खपली, चरणारे मासे आणि कमी गाळ असलेली जागा मी घेईन, मग ती दिसायला ओकीबोकी का असेना. फरश्या मात्र अळ्या सुटायच्या काही महिने आधीच खाली नेऊन ठेवा, म्हणजे खपलीला त्यांच्यावर चढायला वेळ मिळेल.