मैद्याची क्ले: कच्ची दोन गुण, शिजवलेली साडेचार

मुलांना खेळायला घरी क्ले करायच्या दोन पद्धती आहेत, कच्ची आणि शिजवलेली. सामान जवळपास तेच. तरी कच्चीला पाचपैकी दोन गुण आणि शिजवलेलीला साडेचार. मधला सगळा फरक कढईतल्या चार मिनिटांचा.

कच्ची म्हणजे मैदा, मीठ, तेल आणि पाणी एकत्र मळलं की झालं. झटपट होते हे खरं, पण मीठ पुरतं विरघळत नाही, बोटांना रवाळ लागतं. थोड्या वेळात गोळा पाझरतो, पोळपाटाला चिकटतो. शिवाय कच्चा मैदा पोटात जाणं बरं नाही, आणि लहान मूल चव बघणारच.

शिजवलेलीचं प्रमाण असं: एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे एक आंबट पांढरी पूड. हे केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. त्याने गोळा लवचीक होतो आणि आंबटपणामुळे बुरशी लांब राहते. नसेल तर चार छोटे चमचे लिंबाचा रस घाला आणि तेवढंच पाणी कमी करा. गोळा जरा मऊ होतो, पण चालतो.

कोमट पाण्यात मीठ आणि रंग घालून ढवळा, मग बाकीचं घालून गुठळ्या मोडा. इथपर्यंतचं मोजणं-ढवळणं मुलांकडे द्या. मग मुलांना लांब बसवून नॉनस्टिक कढई मंद आचेवर ठेवा. मोदकाची उकड जमणाऱ्या हाताला पुढचं सांगायला नको. आधी पिठलं होतं, मग कडेने गोळे धरायला लागतात, मग अचानक सगळं उलथन्याभोवती गोळा होऊन कढई सुटते. चिमूट घेऊन दाबा. बोटाला लागली नाही तर गॅस बंद. ताटात काढून कोमट असताना दोन-तीन मिनिटं मळा, भेगा जातात. वरून गार वाटला तरी गोळा आत बराच वेळ चटका देतो, म्हणून मुलांना द्यायच्या आधी मधोमध तोडून बघा.

बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: चिकटली म्हणून वरून मैदा घातला जातो. तो कच्चाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी क्ले भुरभुरते. चिकट असेल तर परत मिनिटभर गॅसवर ठेवा. कोरडी असेल तर तेलाचे चार थेंब, नाहीतर ओला हात. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं, तेव्हाही परत मिनिटभर गॅसवर ठेवली की पुरतं. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. कोमट भरली तर झाकणाला घाम येतो आणि तिथूनच बुरशी धरते. नीट ठेवली तर महिनाभर सहज टिकते.

रंगात जेल कलर, म्हणजे केकसाठीचा घट्ट खाद्यरंग, सर्वांत बरा. हळदीचा पिवळा सुरेख येतो, पण हात साबणाने धुताना लाल होतात (मुलांना हीच जास्त गंमत वाटते). बीट शिजताना मळकट होतं, त्याच्या नादी लागू नका.

साच्यांवर पैसे घालवू नका. शंकरपाळ्यांचं कातणं आणि शेवेची चकती लावलेला सोऱ्या पुरे. सोऱ्यातून बाहुलीचे केस असे निघतात की विकतचं खेळणं फिकं पडावं.

अर्धा गुण कापला तो मिठासाठी. हाताला ओरखडा असेल तर झोंबतं, आणि घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडापासून लांबच हवा, इतकं मीठ त्याला घातक ठरतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही देऊ नका. विकतची ‘प्ले-डो’ही देऊ नका, तीही गव्हाचीच असते. तांदळाच्या पिठाची करता येते, फक्त तिला ताण सोसत नाही, साप वळायला गेलं की तुटतो.

गालिच्यावर सांडली तर ओल्या फडक्याने पुसू नका. वाळू द्या आणि ब्रशने झाडा.